खोली बघायला बाईनं जावं



आपल्या गटांच्या बैठकांत एक कारण आता वारंवार कर्जाच्या अर्जावर दिसतं: खोलीचं डिपॉझिट. लेक-सून शहरात निघालेत. कुणी वाळूजला कंपनीत, कुणी पुण्याकडं चाकणला, कुणी लेकरांच्या शाळेसाठी नांदेडला. कडेवर दोन-तीन वर्षांचं लेकरू असतं. खोली कोणत्या वस्तीत घेतली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ह्यांनी बघून ठेवलीय. कंपनीपासून जवळ आहे." तिथं पाणी कधी येतं? अंगणवाडी किती लांब आहे? शेजारी कोण आहे? यातलं सुनेला काहीच ठाऊक नसतं. सामान टेम्पोत चढतं तेव्हा ती ते घर पहिल्यांदा बघायला निघालेली असते.

म्हणून आज मी थोडा इतिहास सांगणार आहे. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. हा इतिहास वस्त्यांचा आहे. आपल्या आधी गाव सोडून शहरात गेलेली माणसं कुठं राहिली, ती जागा कुणी निवडली आणि त्या निवडीची किंमत कुणी मोजली, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्या मराठवाड्यातूनच करू. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, तिथं चारशे वर्षांपूर्वी खडकी नावाचं गाव होतं. मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर. मूळचा आफ्रिकेतला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि स्वतःच्या हुशारीनं वर आलेला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकीला शहर वसवायला घेतलं. जागा खडकाळ, पाणी कमी. तेव्हा त्यानं उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचं जमिनीखालचं पाणी नहर खोदून शहरात आणलं. मातीच्या नळांतून ते पाणी हौदांपर्यंत पोचायचं. त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढं कित्येक पिढ्या त्या शहरानं हे पाणी प्यायलं. शहर वसवणाऱ्यानं माणसांच्या आधी पाण्याचा विचार केला, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण पुन्हा याच शहरात येणार आहोत.

आता मुंबईला जाऊ. मराठी माणूस पोट भरायला सगळ्यात जास्त गेला तो मुंबईला. कोकणातून, घाटावरून आणि नंतर दुष्काळानं होरपळलेल्या आपल्या भागातूनही. गिरण्या सुरू झाल्या, भोंगा वाजला की कामावर हजर राहायचं, म्हणून गिरणीच्या आसपास चाळी उठल्या. त्या भागाला गिरणगाव म्हणू लागले. खोली एक, माणसं दहा. एका गावचे बाप्ये मिळून खोली घ्यायचे आणि पाळीपाळीनं झोपायचे. बायको-लेकरं गावाकडं. जिथं बाई-लेकरं सोबत आली, तिथंही खोली निवडायचं माप एकच होतं, गिरणीपासूनचं अंतर.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. लाखो माणसं शहर सोडून पळाली. हाच प्लेग पुढं पुण्यात पोचला आणि रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. प्लेगनंतर सरकारचे डोळे उघडले. दाटीच्या वस्त्या, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं यांकडं लक्ष गेलं. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पण पाडलं जास्त आणि गरिबांसाठी बांधलं कमी. ज्यांची घरं गेली ती माणसं शेजारच्याच वस्तीत जाऊन दाटीत भर घालू लागली. सुधारणा झाली, पण ती सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

त्या काळातला एक आकडा सांगते. काळीज घट्ट करून ऐका. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा आठशेच्या वर होता. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात मात्र तो सुमारे एकशे तेहतीस होता. हे आकडे थोडे फुगलेले आहेत, कारण पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म गावी व्हायचा आणि मरण मुंबईत नोंदलं जायचं. पण एक खोली आणि चार खोल्या यांतलं अंतर एवढं मोठं आहे, की फुगवटा वजा केला तरी त्याचा अर्थ बदलत नाही. शहर तेच होतं, साल तेच होतं. लेकरू जगणार की नाही, हे पुष्कळसं घर आणि वस्ती ठरवत होती.

आणि त्या लेकरांना सांभाळायला होतं कोण? गिरणीत बायाही काम करायच्या. घरी सासू नाही, नणंद नाही, पाळणाघर नाही. मग बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची चाल पडली. गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारनं एक डॉक्टर बाई नेमल्या होत्या. त्यांना जवळजवळ सगळ्याच घरांत हे दिसलं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. पण त्या वस्तीत आईच्या हाताशी दुसरं काय होतं, ते आधी विचारलं पाहिजे. पुढं १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मागणीची बाजू मांडली होती.

१९२० नंतर सरकारनं कामगारांसाठी पक्क्या चाळी बांधल्या. त्याच बी.डी.डी. चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. इथं एक गंमत झाली. घरं नवी, सिमेंटची, तरी वरळीच्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून राहिल्या. गिरण्या लांब, बाजार लांब, रस्त्यावर दिवे नाहीत आणि भाडं परवडेना. सरकारला वाटलं होतं, भिंती उभ्या केल्या की माणसं येतील. माणसांनी मात्र आधी वाट, दिवा आणि बाजार बघितला.

नंतर त्या चाळी भरल्या, इतक्या की एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या गेल्या. अगदी अलीकडं, २०२५ मध्ये, वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागेवर ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे शंभर वर्षं गेली. मैत्रिणींनो, "चार दिवसांपुरती खोली आहे, पुढं बघू" असं आपण म्हणतो ना, तेव्हा ही शंभर वर्षं आठवा. तात्पुरतं म्हणून घेतलेल्या घरात लेकरांचं सगळं बालपण निघून जातं.

गिरणगावाची चांगली बाजूही सांगायला हवी. तिथल्या शेकडो बायांनी खोलीतच खाणावळ चालवली. एकटे राहणारे दहा-वीस कामगार जेवायला यायचे. पगार महिन्यानं, त्यामुळं किराणा उधारीवर आणि सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वस्तीत बाईला कमवायची वाट होती, आणि शेजारणी होत्या म्हणून मंडळ उभं राहिलं. मात्र १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि जेवणारेच गावी गेल्यावर खाणावळीही बसल्या. सगळी वस्ती एकाच धंद्यावर उभी असली, की तो धंदा बुडताना अख्खी वस्ती बुडते.

आता थोडं अवघड बोलते. वस्ती निवडायची म्हणजे निवडायला मुभा पाहिजे. ती सगळ्यांना कुठं होती? सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीला गेले. एवढा शिकलेला माणूस, पण शहरात कुणी खोली देईना. पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथून हाकललं. मुंबईत परळच्या सुधारणा ट्रस्टच्या चाळीत त्यांचा आणि रमाईंचा संसार होता. दोन खोल्या, भरलेलं घर. त्यांच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाचले. पुढं १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. हा भागही सुधारणा ट्रस्टनंच आखलेला. रुंद गल्ल्या, झाडं, शाळा, हाकेच्या अंतरावर रेल्वे. राजगृहात पुस्तकांना खास जागा ठेवली होती. पण रमाईंना तिथलं सुख फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ ला त्या गेल्या.

आजही आडनाव विचारून, धर्म विचारून किंवा "बाई एकटीच राहणार का" असं विचारून खोली नाकारली जाते. तुमच्यातल्या काहींनी ते भोगलंय. म्हणून चांगली वस्ती बघताना एक गोष्ट जरूर बघा. तिथं आपल्या लेकराला दुसऱ्यांच्या लेकरांत मिसळून खेळता येईल का? फरशी कितीही गुळगुळीत असली, तरी जिथं लेकराला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं ती जागा त्याच्यासाठी चांगली नाही.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. मुठा नदी शहरात शिरली. नदीकाठच्या पेठांमधले पिढ्यान् पिढ्यांचे वाडे काही तासांत बसले. नदी जवळ, बाजार जवळ, देऊळ जवळ, म्हणून लोक तिथं राहत होते. नदीची दुसरी बाजू त्या दिवशी दिसली. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा ती जागा गावाबाहेर वाटायची, आज ती शहराच्या आत आली आहे. आपण नांदेडमध्ये खोली बघताना गोदावरीची आठवण ठेवावी. सखल भागातली खोली स्वस्त का मिळते, हे पावसाळ्यात कळण्यापेक्षा आधी शेजाऱ्यांना विचारलेलं बरं. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ असेल तर तीही बोलते.

आता पुन्हा मलिक अंबरच्या शहरात येऊ. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. शिकायला म्हणून आपली पोरं त्या शहरात जाऊ लागली. मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि गावंच्या गावं हलली. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली होती. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती छोट्या कंपन्यांची रांग लागली. हिंगोली, परभणी, जालना, बीड, कुठून कुठून पोरं तिकडं गेली.

ही माणसं राहिली कुठं? दोन तऱ्हा झाल्या. एक सिडकोची. आधी आराखडा, रस्ते, गटारं, शाळेची जागा, बाजाराची जागा, मग घरं. एन-सहा, एन-सात अशी नावं ऐकायला रुक्ष, घरंही छोटी, पण लेकराला चालत शाळेत जाता यायचं. दुसरी तऱ्हा गुंठेवारीची. शेतकऱ्यानं शेताचे तुकडे पाडायचे, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि साध्या बाँडवर विकायचे. तिथं रस्ता, नळ, ड्रेनेज काहीच नसायचं. सिडकोचं घर ज्यांना परवडलं नाही, त्यांनी गुंठेवारीत घर बांधलं. ती माणसं कष्टाळू होती. घर उभं करून त्यांनी पुढची वीस-वीस वर्षं नळासाठी आणि रस्त्यासाठी अर्ज-मोर्चे केले. २००१ मध्ये महाराष्ट्रात गुंठेवारीची घरं नियमित करायचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांना त्यात घेतलं. म्हणजे कागद मिळायची वाट आहे, पण ती पैशाची आणि हेलपाट्यांची आहे.

आणि पाणी? पैठणचा नाथसागर एवढा जवळ असून शहरात कित्येक वस्त्यांना पाच-पाच, सात-सात दिवसांनी नळ आला आहे. नळाला ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी बाईची मजुरी बुडते. हे कुठल्या भाडेपावतीवर लिहिलेलं नसतं, पण ते भाडंच आहे.

चारशे वर्षांचा हा हिशोब मांडला तर एक गोष्ट उघड दिसते. वस्ती बाप्याच्या कामावरून ठरली, आणि त्या वस्तीत दिवसाचे चोवीस तास बाई आणि लेकरू राहिलं. कंपनी जवळ असावी हे खरंच आहे, त्यावरच घर चालतं. पण बाप्याला दोन किलोमीटर सायकल मारावी लागली तर लेकरू आजारी पडत नाही. पाणी आणि दवाखाना लांब असला तर पडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डिपॉझिट देण्याआधी जिला तिथं राहायचंय ती सून स्वतः जाऊन बघून येऊ दे. एसटीचं तिकीट लागेल, एक दिवसाची मजुरी जाईल. जाऊ दे. शक्यतो दोनदा बघावं, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. तिनं विचारायच्या गोष्टी लिहून घ्या.

पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता, आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का. हे घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. संडास किती घरांत मिळून एक आहे, रात्री तिथं दिवा असतो का, आतून कडी लागते का. अंगणवाडी आणि सरकारी दवाखाना चालत किती लांब आहे. रेशनचं दुकान कुठं आहे. आपलं कार्ड गावचं असलं तरी धान्य आता तिथंही घेता येतं. शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, दारूचं दुकान लागतं का. बाईला घरबसल्या किंवा जवळपास काय काम मिळेल. आणि आपल्याकडची, ओळखीची एखादी तरी बाई त्या गल्लीत आहे का. रात्री लेकरू फणफणलं तर कुणाचं दार वाजवायचं, हे आधी ठरलेलं असावं.

कागदाचं दोन शब्दांत सांगते. भाडेकरार नोंदणी केलेलाच करा. पंचवीस टक्के आरक्षणातून लेकराला शाळेत घालायचं असेल, तर भाड्याच्या घराचा पत्ता त्या करारावरूनच धरतात. प्लॉट घेत असाल तर एन. ए. आहे की गुंठेवारी, हे तलाठ्याकडं आणि पालिकेत विचारा. फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर मागा. २०१७ पासून तो नंबर मोठ्या गृहप्रकल्पांना बंधनकारक आहे. आणि घर विकत घेताना नाव कुणाचं? १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार रुपये वाचतात. पण मला वीस हजारांपेक्षा ते नाव मोठं वाटतं. जिच्या नावावर घर, तिला त्या घरातून कुणी सहज बाहेर काढत नाही.

काही जणी म्हणतील, "ताई, आमच्याकडं पैसेच एवढे. निवड कसली करता?" खरं आहे. पैसे तेवढेच असतात. पण त्याच पैशात कंपनीच्या दाराशी कोंदट खोली मिळते, आणि थोडं पुढं नळ-अंगणवाडी असलेली खोलीही मिळते. ती शोधायला एक दिवस जास्त लागतो, आणि बघायला गेलेल्या माणसाला काय बघायचं ते ठाऊक असावं लागतं. खाणावळवाल्या बायांकडं तरी कुठं पैसे होते? त्या एकमेकींना धरून राहिल्या, म्हणून बँकेच्या दारात उभ्या राहू शकल्या.

येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावातली कोणकोणती घरं शहरात गेलीत, कोणत्या वस्तीत राहतात, तिथं पाणी-शाळा कसं आहे, याची एका वहीत नोंद करा. फोन लावून तिथल्या बायांनाच विचारा. पुढच्या वेळी कुणाची सून निघाली की ती वही तिच्या हातात द्या. डिपॉझिटचं कर्ज मंजूर करताना, "खोली तू बघितलीस का?" हा प्रश्न गटानं तिला विचारायचा, आणि उत्तर तिच्या नवऱ्यानं नाही, तिनं द्यायचं.

लेकरांना सांभाळा, स्वतःलाही सांभाळा.